गोगलगाय खाण्याआधी

आर्द्रा लागल्या की बिदर जिल्ह्यातल्या हुलसूर, भालकी, औराद या भागात आणि सीमेपलीकडच्या निलंगा, देवणी, उमरगा पट्ट्यात रात्री शेतांतून बॅटऱ्या फिरू लागतात. सोयाबीन नुकतं दोन पानांवर आलेलं असतं. दिवसभर बांधाच्या दगडांत आणि पालापाचोळ्याखाली दडून बसलेल्या शंखी गोगलगायी अंधार पडला की तासांत उतरतात आणि कोवळं रोप देठापासून कुरतडतात. सकाळी पाहावं तर ओळीच्या ओळी नुसते देठ. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत त्यांनी एवढा धुमाकूळ घातला की कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली, आणि महाराष्ट्र सरकारला गोगलगायींच्या नुकसानीसाठी खास मदत जाहीर करावी लागली. मांजरेच्या या काठाला सरकार वेगळं, सातबाऱ्याऐवजी पहाणी, पण माती तीच, पीक तेच आणि गोगलगायही तीच.

पोत्यांनी गोगलगायी गोळा व्हायला लागल्या की पारावर एक प्रश्न हमखास निघतो. एवढ्या वेचून मिठाच्या खड्ड्यात टाकतो आपण. फ्रान्समध्ये लोक पैसे मोजून खातात म्हणे, मग आपण का खाऊ नये? शेतात शंखी असते, तर परसबागेत बिनशंखाची, काळपट तपकिरी, चपटी. तिच्याबद्दलही हेच विचारलं जातं. कुणी हे थट्टेनं विचारतं, कुणी खरंच. मला तो प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. प्रथिनं महाग झालेल्या काळात, शेतभर पसरलेल्या मांसाकडे पाहून माणसाच्या मनात हा विचार येणं स्वाभाविक आहे.

माझं उत्तर आधीच सांगतो. नीट शिजवली तर गोगलगाय, शंखाची असो वा बिनशंखाची, मुळात विषारी नाही. पण आपल्या आजच्या शिवारातली गोगलगाय कुणी खाऊ नये आणि दुसऱ्याला खायला सांगूही नये. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. खाद्य सुरक्षित आहे की नाही, हे तो जीव कुठे वाढला, काय खात वाढला आणि त्याच्या शेजारी कोण राहत होतं यावरून ठरतं. गोगलगायीच्या बाबतीत हा शेजार फार महत्त्वाचा आहे.

किळस येते, म्हणून खाऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. किळस हा युक्तिवाद होत नाही. मालवणात तिसऱ्यांचं सुकं आणि खेकड्याचा रस्सा चवीनं खाणाऱ्याला गोगलगायीची शिसारी येते, हा निव्वळ सवयीचा भाग आहे. मिथिलेत तळ्यातल्या गोगलगायींचं कालवण घरोघरी होतं. नायजेरिया, घाना या देशांत मोठी शंखी गोगलगाय आवडीचं मांस आहे. तिथल्या बायका तुरटी, लिंबू किंवा मीठ चोळून तिचा चिकट बुळबुळीत स्राव काढतात, मग उकळतात, मग तळतात. रोमन लोक ख्रिस्तपूर्व काळातच गोगलगायी पाळून पोसत होते. उलट हुलसूर-बसवकल्याणचा हा मुलूख शरणांचा. इथे मांसाला न शिवणारी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांना हा प्रश्न पडतच नाही. पण याच गावांत ओढ्याचे खेकडे, मासे, रानातले छोटे प्राणी यांवर पिढ्या काढलेले लोकही आहेत. प्रश्न त्यांच्या ताटाचा आहे, म्हणून तो जपून सोडवायला हवा.

आता शेजाराकडे येऊ. उंदराच्या फुफ्फुसाच्या धमन्यांत राहणारा एक बारीक जंत आहे, केसाएवढा. अँजिओस्ट्रॉन्गायलस कँटोनेन्सिस हे त्याचं नाव, कारण 1935 मध्ये चेन या शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन चीनमधल्या कँटन शहरातल्या उंदरांवरून केलं. मादी उंदराच्या फुफ्फुसात अंडी घालते, पिल्लं घशाशी चढतात, गिळली जातात आणि लेंड्यांतून जमिनीवर येतात. गोगलगाय त्या लेंड्या खाते. तिच्या अंगात ते पिल्लू दोनदा कात टाकतं आणि तिथेच थांबतं, उंदीर तिला खाईल याची वाट पाहत. उंदरानं खाल्लं की ते त्याच्या मेंदूत जातं, तिथे वाढतं, मग फुफ्फुसात उतरतं आणि चक्र पुन्हा सुरू. माणूस या चक्रात नाही. पण माणसानं कच्ची गोगलगाय खाल्ली तर त्या पिल्लाला हे कळत नाही. ते नेहमीच्या वाटेनं मेंदूकडे निघतं. तिथून पुढची वाट त्याला माणसात सापडत नाही. ते मेंदूच्या आवरणात मरतं, आणि त्याच्याविरुद्ध शरीर जी झुंज देतं तिच्यातून मेंदूज्वर होतो. डोकं फुटेल असं दुखतं, मान ताठरते, उलट्या होतात, अंगाला नुसता कपडा लागला तरी आग होते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. सगळे होत नाहीत. सिडनीतल्या एका तरुणानं 2010 मध्ये मित्रांच्या आग्रहाखातर बागेतली एक बिनशंखी गोगलगाय गिळली. तो वर्षाहून अधिक काळ बेशुद्ध होता, नंतर लुळा पडला, आणि 2018 मध्ये गेला. एक जीव, एक घास. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरावी, याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं दूरदेशीचं, असं म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेतल्या संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुंबईच्या उंदीर-घुशींत हा जंत शोधला होता, आणि परसबागेतल्या बिनशंखी गोगलगायीतही. ही गोगलगाय तुम्ही पाहिलेली आहे. पावसाळ्यात न्हाणीच्या ओल्या भिंतीवर, कुंडीखाली, नळाच्या चबुतऱ्यावर ती चिकटलेली असते. अंग चामड्यासारखं खरबरीत, पाठीवर मधोमध एक फिकट रेघ, बोट लावलं की आक्रसून निम्मी होते. मूळची आफ्रिकेतली, आता आपल्याच घरची झालेली. केरळातल्या डॉक्टरांनी 2006 मध्ये अशा मेंदूज्वराच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींनी आधी ‘ताकदीसाठी’ घोरपडीचं कच्चं मांस किंवा काळीज घेतलं होतं. घोरपड गोगलगाय खाते आणि तो जंत तिच्या अंगात दडून राहतो. कच्चं ते जास्त ताकदीचं, ही समजूत आपल्याकडेही आहे. घोरपडीच्या बाबतीत तर हा कायद्यानं गुन्हाही आहे.

म्हणजे मग शिजवून खावी, असं कुणी म्हणेल. बरोबर. खळखळत्या पाण्यात किमान तीन ते पाच मिनिटं उकळलं, किंवा आतल्या गाभ्यापर्यंत 74 अंश सेल्सिअसची उष्णता पोचली, तर जंत मरतो. गोम आहे ती ‘आतल्या गाभ्यापर्यंत’ या शब्दांत. 2006 मध्ये बीजिंगमधल्या एका उपाहारगृहात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी अर्ध्याकच्च्या वाढल्या गेल्या, आणि दीडशेहून अधिक माणसं या मेंदूज्वरानं आजारी पडली. तिथे व्यावसायिक आचारी होते. शंखातलं मांस पटकन आकसतं, रबरासारखं होतं, म्हणून आचारी ते लवकर उतरवतो, आणि तिथेच घात होतो.

आणखी एक गैरसमज इथे दूर करायला हवा. फ्रेंच लोक गोगलगायी शिजवण्याआधी काही दिवस उपाशी ठेवतात किंवा नुसत्या पिठावर ठेवतात, म्हणजे त्यांचं पोट साफ होतं, असं सांगितलं जातं. ते खरंही आहे. पोटातली विषारी पानं, माती, घाण त्यानं जाते. पण हा जंत तिच्या पोटात नसतो, स्नायूंत असतो. तिला कितीही उपाशी ठेवा, तो हलत नाही. फ्रेंच माणसाला याची फिकीर करावी लागत नाही, कारण त्याच्या ताटातली गोगलगाय बहुधा पाळलेली, उंदरांपासून दूर ठेवलेली आणि भरपूर उकळलेली असते. त्याच्या ताटाची नक्कल आपण करू शकतो; त्याच्या गोगलगायीच्या आयुष्याची नक्कल हुलसूरच्या बांधावर होत नाही.

आणि शिजवून जंत मेला तरी विष मरत नाही. ही माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, आणि हिचीच चर्चा सगळ्यांत कमी होते. गोगलगायींचा सुळसुळाट झाला की शेतकऱ्याच्या हातात काय येतं? मेटाल्डिहाइडच्या गोळ्या. कोंड्यात मिसळलेल्या, गोड वासाच्या. किंवा गूळ, कोंडा आणि कीटकनाशक कालवून घरी केलेलं आमिष. गोगलगाय ते खाते, तिचा स्राव वाहून जातो, ती कोरडी पडून मरते. पण प्रत्येकीला मरण्याइतका डोस मिळतोच असं नाही. अर्धवट विष पोटात घेऊन बांधाकडे परतलेली गोगलगाय पोत्यात वेचली गेली तर तिच्याकडे पाहून काहीच कळत नाही. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना फार घातक. झटके येऊन कुत्री मरतात, कोंबड्यांनाही धोका. 2022 च्या मार्चअखेर ब्रिटननं या औषधाचा शेतात आणि बागेत वापर पूर्ण बंद केला, पक्षी आणि वन्यजीवांना होणाऱ्या अपायामुळे. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आपले शेतकरी ते शोधत दुकानांच्या पायऱ्या झिजवत होते. मी त्यांना दोष देत नाही. डोळ्यांदेखत पेरणी जाताना माणूस हाताला लागेल ते करतो. ब्रिटनमध्ये आता लोहाच्या फॉस्फेटच्या गोळ्या वापरात आल्या आहेत. आपल्याकडेही त्या सहज मिळायला हव्यात, आणि अनुदानावर मिळायला हव्यात.

याखेरीज गोगलगायीची एक खोड आहे. जमिनीतले जड धातू, विशेषतः कॅडमियम आणि तांबं, ती अंगात साठवते. म्हणूनच शास्त्रज्ञ एखाद्या जागेच्या प्रदूषणाचा माग काढायला गोगलगायी तपासतात. तणनाशक, कीटकनाशक, रासायनिक खतं यांच्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या शिवारात ती जमिनीच्या तोंडालगत जगते, ओलं पान खाते, ओली माती चाटते. तिच्या मांसात शिवाराचा सगळा हिशेब असतो. तो हिशेब चुलीवर पुसला जात नाही.

‘खाऊनच संपवा’ या सल्ल्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. आपल्या शेतातली मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. ती भारतात कशी आली? विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं 1847 मध्ये मॉरिशसहून तिचे जिवंत नमुने कलकत्त्यात आणले, आणि ते तिथल्या एका बागेत सोडले गेले. तिथून आजवर ती देशभर पोचली. ती उभयलिंगी आहे, एका वेळी दोनेकशे अंडी घालते, आणि उन्हाळ्यात शंखाचं तोंड बंद करून महिनोन्महिने निजून राहते. पूर्वेच्या देशांत तिला शौकानं नाही, ताटासाठी नेलं गेलं. 1930 च्या दशकात जपानी अमलाखालच्या तैवानमध्ये ती खाण्यासाठी आणली, पुढे पॅसिफिकच्या बेटांवर ती अशीच पसरली. माणसात या जंताची पहिली नोंद 1945 मध्ये तैवानमधूनच झाली. 1980 च्या आसपास दक्षिण अमेरिकेतली गोड्या पाण्यातली सोनेरी गोगलगाय गरिबांना स्वस्त प्रथिनं म्हणून आशियात आणली गेली. बाजारात ती कुणी घेतली नाही, पाळणाऱ्यांनी सोडून दिली, आणि फिलिपिन्सपासून व्हिएतनामपर्यंतची भातशेती तिनं पोखरली. हवाई बेटांवर 1955 मध्ये शंखी गोगलगाय संपवायला दुसरी मांसाहारी गोगलगाय सोडली. तिनं बेटांवरच्या दुर्मीळ झाडगोगलगायीच खाऊन टाकल्या, आणि शंखी गोगलगाय तशीच राहिली. ज्या जिवाला खाद्य म्हणून किंमत येते, त्याला माणूस संपवत नाही, पोसतो. सोयाबीनच्या किडीला बाजारभाव मिळाला तर उद्या कुणीतरी ती शेततळ्याकाठी जोपासेल, आणि ती सुटून शेजाऱ्याच्या शेतात जाईल.

आणि ‘खा’ म्हणून नेहमी कुणाला सांगितलं जातं? 2008 मध्ये अन्नधान्याचे भाव भडकले तेव्हा बिहारच्या समाजकल्याण खात्यानं उंदराचं मांस खाण्याचा पुरस्कार केला होता. उंदीर आधीपासून खाणाऱ्या मुसहरांसमोर तो सल्ला ठेवला गेला. पाटण्याच्या बंगल्यांतल्या ताटांना त्याची झळ लागणार नव्हती. कुणी काय खावं याबद्दल मला काही म्हणायचं नाही. उलट मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या स्वयंपाकाची जी नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केली, ती मला मोलाची वाटते. त्या स्वयंपाकात टाकाऊ ठरवलेल्या गोष्टी नीट ओळखून, निवडून, साफ करून खाण्याची एक शिस्त आहे, आणि ती शिस्त पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. कुठल्या पाणवठ्याचा जीव घ्यायचा, कुठल्या महिन्यात टाळायचा, काय किती वेळ चुलीवर ठेवायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. पण ती शिस्त ज्या शिवारावर उभी होती, ते शिवार आता राहिलेलं नाही. ओढ्याच्या वरच्या शेतात आठवड्यापूर्वी काय फवारलं, हे खालच्या माणसाला कळायला मार्ग नाही. त्याची जुनी ओळख त्याला दगा देते, आणि हा दगा त्याचा दोष नाही. म्हणून ‘गरिबांनी गोगलगायी खाव्यात’ या सल्ल्यात मला करुणा दिसत नाही. ज्याच्या शेजारी विष पेरलं, त्यालाच ते उचलून खायला सांगणं आहे हे.

धोका मात्र फक्त गोगलगायीचं कालवण करणाऱ्याला नाही; तो आपल्या सगळ्यांच्या ताटाला आहे, अगदी शाकाहारी ताटालासुद्धा. सीमाभागात पावसाळ्यात ज्वारीच्या भाकरीसोबत कच्ची मेथी, कांद्याची पात, बांधावरची पाथरी खाल्ली जाते. ठेच्याबरोबर हिरवी पानं मूठभर तोंडात घालणं ही आपल्याकडची साधी चैन. पानांच्या बेचक्यात नखाएवढी गोगलगाय असेल तर ती कुणाला दिसत नाही. हवाईमध्ये या आजाराचे जे रुग्ण सापडतात, त्यांतले कित्येक कच्च्या पालेभाजीतून असेच अजाणता बाधित झालेले असतात. तिथे 2017 मध्ये उघड्या बादलीत ठेवलेल्या पेयात गोगलगाय पडली आणि ते प्यायलेले लोक आजारी पडले. म्हणजे शाकाहारी घरानं ‘आमचा काय संबंध’ म्हणून निवांत राहावं, असं नाही. पानं एकेक सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवावीत. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं म्हणजे झालं, असं समजू नये. भाजी कच्चीच खायची असं नसेल तर सरळ शिजवावी. पाण्याची घागर, ताकाचं भांडं रात्री झाकून ठेवावं. लहान मुलं गोगलगाय हातात घेऊन खेळतात, तिच्या चालण्याची शर्यत लावतात, त्यांचे हात साबणानं धुतले जातात का, हे पाहावं.

आणि ज्या बाया रोजंदारीनं शेतात वाकून त्या वेचतात, त्यांच्याकडे आधी पाहावं. गूळपाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधालगत अंथरतात. रात्रीत गोगलगायी त्यांच्याखाली गोळा होतात. पहाटे गोणपाट उचलून त्या बादलीत झाडायच्या आणि बादली मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात उपडी करायची. ही पद्धत चांगली आहे, विषापेक्षा कितीतरी बरी. पण हे काम बहुतेक ठिकाणी उघड्या हातांनी होतं. त्याच हातांनी कमरेची तंबाखूची चंची उघडली जाते, न्याहारीची भाकरी मोडली जाते. रबरी हातमोजे आणि लांब चिमटा, एवढा खर्च सोयाबीनच्या एका पोत्यापुढे काहीच नाही. शेतमालकानं तो द्यावा, आणि शासनाच्या प्रात्यक्षिकांत तो पहिला दाखवावा.

राहिला तपासणीचा प्रश्न, आणि इथे हुलसूरचं भाग्य म्हणजे लांब जावं लागत नाही. कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बिदरातच आहे. प्राण्यांतून माणसात येणारे आजार हा त्यांचाच विषय. रायचूरच्या कृषी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र इथवर आहे, आणि सीमेपलीकडे परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शंखी गोगलगायीच्या नियंत्रणाचा सल्ला शेतकऱ्यांना देतं. या तिघांनी मिळून दोन्ही बाजूंच्या शिवारांतल्या गोगलगायी आणि उंदीर तपासावेत. जंतासाठीही आणि कीटकनाशक, जड धातूंच्या अंशांसाठीही. जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी मेंदूज्वराचा रुग्ण आला की पाठीच्या पाण्यात इओसिनोफिल पेशी वाढल्यात का, हे पाहावं, आणि कच्ची पालेभाजी, गोगलगाय, खेकडा, घोरपड यांबद्दल नातेवाइकांना विचारावं. आपल्या भागात मेंदूज्वर म्हटलं की पहिली शंका क्षयाची येते. ती यावीच, पण तिच्यापाशी थांबू नये.

हे नियोजन वैशाखातच व्हायला हवं. शंखाचं तोंड बंद करून गोगलगायी तेव्हा बांधांत निजलेल्या असतात, खणून वेचता येतात आणि नमुने घ्यायलाही सोप्या. एकदा मृगाचा पाऊस झाला की त्या बाहेर पडतात, आणि मग विद्यापीठापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे फक्त गोळ्यांच्या दुकानाकडे धावतात.